झोळीतलं वजन

भवानी पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
ज्ञानदाचा वाकून नमस्कार.

करकंबला थंडी सरली का? इथे दुपारी आत्ताच पंखा लागतो. अवधूत मजेत, माझं कॉलेजही ठीक. दिवाळीपासून तू जावयाचा फोन उचलतेस, माझा नाही, म्हणून हे पत्र.

सध्या मुलांना हलत्या वस्तूंचं गणित शिकवते आहे. वस्तू कशी वागेल ते आधी कागदावर मांडायचं, मग तिला हवं तसं वागायला लावायचं. उदाहरणाला स्प्रिंगची झोळी घेतली. स्प्रिंग किती ताठ, हेलकावा किती लवकर विरतो आणि आत वजन किती, एवढं कळलं की समीकरण तयार. घरीच झोळी टांगून ज्वारीचं गाठोडं ठेवलं, मोटर आणि माइक लावला. रडू ऐकलं की झोळी हलणार, थांबलं की थांबणार. अवधूतने शेजारी बसून रडून दाखवलं. फार वाईट रडतो तो.

पुढे मात्र गणित चुकायला लागलं. ज्वारी निमूट पडून राहते. आणि झोळीत आता ज्वारी नाही, आई.

मुलगी आहे, सहा महिन्यांची. महिन्यापूर्वी आम्ही तिला संस्थेतून दत्तक आणलं. "परक्याचं लेकरू मी मांडीवर घ्यायची न्हाय," असं तू दिवाळीत दत्तकाचा विषय निघाला तेव्हा म्हणाली होतीस, म्हणून कळवायचा धीर झाला नाही. पण इतका आनंद एकटीने किती लपवायचा?

रडलं की झोळी हलते, हे तिने लगेच ओळखलं. आता पोट भरलेलं असलं तरी बारीकसं कुंईं करते आणि झोळी हलली की खुदकन हसते. अवधूत म्हणतो, "तू हिला न्हाय, हीच तुला चालवतीय की." खरंच आहे. सगळं समीकरण उलटं मांडावं लागलं, आणि मी वर्गात ते सांगताना हसत सुटले.

हसता हसता तू आठवलीस. तू अबोला धरायचा आणि मी नमायचं, हे माझ्या लहानपणापासूनचं. या वेळी मी नमले नाही, नमणारही नाही. पण तुझ्यावाचून करमतही नाही गं.

महाशिवरात्रीआधीच्या रविवारी बारसं आहे. अवधूतला बहीण नाही, तेव्हा कानात नाव तूच सांगायचंस. तू ठरवशील ते. तू आली नाहीस तर बारसं पुढे ढकलू, पण ते काम दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तुझी लेक ज्ञानदा,
आणि तुझी नात, अजून बिननावाची