नेहमीचंच

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार. मी नीट जेवतेय, कामावर जातेय. आता बसून वाच.

पाळीच्या दुखण्यात आहाराने फरक पडतो का, हे आमची प्रयोगशाळा तपासतेय. त्यासाठी जवसाचा पाव मीच भाजते. तुलनेला निरोगी बायका हव्या होत्या, म्हणून ऐटीत माझंच नाव दिलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतं?"
"नेहमीचंच."
"म्हणजे?"
"उलट्या होतात, उभं राहवत नाही."

त्यांनी लगेच तपासायला घेतलं. सोनोग्राफी केली तर गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढून गाठ झालेली! औषध सुरू झालंय, काळजी नको. बाबांचा खोकला कसाय?

आई, तू ओट्याला पोट दाबून भाजी चिरायचीस आणि म्हणायचीस, "नेहमीचंच गं."

तुला कुणी "म्हणजे?" असं विचारलंच नाही ना?

तुझी,
ठमी