घंटेच्या दोराची गाठ

४ नोव्हेंबर

मी या चर्चच्या पंचकमिटीचा चिटणीस. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय छप्पन्न. रविवारची घंटा अनेक वर्षे मीच वाजवतो आणि ती कधी मागेपुढे झालेली नाही. म्हणून लोक मला घड्याळकाका म्हणतात. (हे नाव मला पसंत नाही.) सीमेपलीकडच्या लढाईतून पळून आलेल्या कुटुंबांना आजपासून आपले सभागृह दिले आहे. या काळात जे घडेल ते जसेच्या तसे नोंदवावे, एवढाच हेतू. वाचणारा मीच.

दुपारपर्यंत सभागृह भरले. बाके भिंतीशी रचली. मधले मोठे टेबल मात्र चौघांनाही हलेना. राहू दिले.

५ नोव्हेंबर, रविवार

घंटा वेळेवर दिली. तिसऱ्या ठोक्याला सभागृहातून किंकाळ्या! धावत गेलो. माणसे टेबलाखाली, भिंतीकडेला, एकावर एक. एक म्हातारी नातवाचे कान दोन्ही हातांनी दाबून बसलेली — तोंड आ वासून. मला वाटले, झटका आला.

तिची सून म्हणाली, "बऱ्या आहेत त्या. आमच्याकडं विमानं आली की चर्चची घंटा वाजवायचे. कान झाकायचे, तोंड उघडं ठेवायचं. नाहीतर पडदे फाटतात."

उपासना अर्ध्यावर आटोपली.

७ नोव्हेंबर

कमिटीची सभा. पाळकसाहेब म्हणाले, "घंटा काही दिवस थांबवू." मी विरोध नोंदवला. भीती माणसांतून काढावी. घंटा का काढावी? शिवाय अठरा तारखेला लेकीचे लग्न. ती पाळण्यात होती तेव्हा तिच्या आईला शब्द दिला आहे, की हिच्या लग्नाची घंटा मी स्वतः वाजवीन.

पाळकसाहेब हसले. "चिटणीस, लग्न नवरा-नवरीचं लागतं. घंटेचं नाही."

ठराव मंजूर. विरोधात मी एकटा. दोर गुंडाळून मीच वर खुंटीला बांधला. करायचे ते नीट करावे — गाठ अशी मारली की पोराटोरांना सुटू नये.

९ नोव्हेंबर

मदत संस्थेची बाई घोंगड्या घेऊन आली. फोटो हवा होता. सगळ्यांना रांगेत उभे करून म्हणते, "जरा हसा ना!" कोणी हसेना. म्हातारी हसली — तोंडात एकही दात नाही. बाई म्हणाली, "आजी, तुम्ही थोडं मागं व्हा."

१२ नोव्हेंबर, रविवार

घंटेविना उपासना. लोक मनाला येईल तेव्हा येतात. न्हावी सर्वांदेखत म्हणाला, "पाहुणे आले आणि देव मुका झाला! काय घड्याळकाका, चावी द्यायची राहिली का?"  मनातून त्याचेच पटत होते.

घरी येऊन धुसफुसलो. ही पातेले घासता घासता म्हणाली, "एक दिवस त्या आजींशेजारी जाऊन बसा. मग बोला."

१३ नोव्हेंबर

गेलो. निमित्त घोंगड्यांचे. आजी टेबलाखालीच बसते, दिवसाही. बाजूला सरकून म्हणाली, "या मास्तर, बसा."

"मी मास्तर नाही."

"मग काय करता?"

"घंटा वाजवतो."

तिने नातवाला जवळ ओढले. मग म्हणाली, "आमचा घंटावाला शेवटपर्यंत वाजवत होता. त्याच्यामुळं आम्ही निसटलो."

"आणि तो?"

"वरच राहिला."

वाकून बसल्याने पाठ धरली होती, तरी उठवेना.

१५ नोव्हेंबर

लेकीला सांगितले — लग्नाला घंटा होणार नाही. ती म्हणाली, "बाबा, मी हेच सांगायला येणार होते! म्हटलं, तुम्ही एक वेळ लग्न मोडाल, पण घंटा सोडणार नाही." दोघेही पोट धरून हसलो. हिने डोळे पुसले.

रेडिओ म्हणतो, लढाई नदीपर्यंत आली. कुठल्या नदीपर्यंत, ते सांगत नाहीत.

१७ नोव्हेंबर

न्हाव्याने सभागृहातल्या सगळ्या पुरुषांची दाढी केली. फुकट. "उद्या लग्नात शोभले पाहिजेत ना लेकाचे!" लेकीचा पोशाख दंडात घट्ट होतो. उद्या सकाळी लवकर ती बाजारातल्या शिंप्याकडून सैल करून आणणार आहे.

१८ नोव्हेंबर

घंटा वाजवली. मीच.

लेक शिंप्याकडे गेली होती. आवाज आला, मला ट्रक वाटला. आजी अंगणात उभी, वर पाहत. म्हणाली, "मास्तर, वाजवा."

गाठ सुटेना! माझीच गाठ. शेवटी दातांनी सोडवली. तोवर बाजाराच्या बाजूला पहिला धमाका झाला होता. घंटा नंतर.

तळहात सोलेपर्यंत ओढत होतो. आजीच्या सुनेने मला खेचून आत आणले. टेबलाखाली ही आहे, पाळकसाहेब, न्हावी. लेक नाही. तोंड उघडे ठेवून लिहितो आहे. आजीने मागून माझे कान झाकले आहेत. दारात कोणी हाक मारली तर मला ऐकू येणार नाही. हिने मात्र कानांवरचे हात काढले आहेत.

— घड्याळकाका
सभागृह, मोठ्या टेबलाखाली
१८ नोव्हेंबर