तिसऱ्या अंकाचा फोन

बुधवार, १८ तारीख, दुपारी

धाकट्या,

खूप आशीर्वाद. आई बरी आहे, कान तेवढे तिच्या सोयीने चालतात. भावजयीचा गुडघा कसा आहे? तिला जिने कमी चढू दे, आणि तू स्वतः उठून पाणी घेत जा. माझ्या खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही. खुशाली संपली. आता मुद्द्यावर येते, कारण सोमवारपासून मी नुसती धुमसतेय.

सोमवारी सकाळी आईने तुझं परीक्षण मला मोठ्याने वाचून दाखवलं. दर वेळी दाखवते, मग कात्रीने कापून वहीत चिकटवते. राष्ट्रीय ऑपेराचा नवा प्रयोग म्हणजे भरजरी पोशाखांचं गोदाम, असं तू लिहिलंस. लिही बाबा. गोदाम तर मलाही वाटतं. या वर्षी आमचे चार नवे ऑपेरा झाले आणि चारही तू धुऊन काढलेस, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. पण आमच्या मुख्य गायिकेवरचा तो शेवटचा परिच्छेद? 'तिसऱ्या अंकात बाईंना शब्द आठवेनात. सहा मात्रा रंगमंचावर शुकशुकाट. ज्या गळ्याने एके काळी हे नाट्यगृह भरून टाकलं, त्याने आता सन्मानाने रजा घ्यावी.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई म्हणाली, "किती छान लिहितो गं, अगदी डोळ्यांपुढे उभं राहतं."

सन्मानाने म्हणे. सन्मान कसा झाला ते ऐक. मंगळवारी आमच्या व्यवस्थापकांनी ते कात्रण लाल पेन्सिलीने खुणा करून तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. "छापून आल्यावर आमचा नाइलाज होतो," म्हणाले. शनिवारचा प्रयोग बाईंकडून काढून एका नव्या मुलीला दिला. पुढचे आठही प्रयोग आणि बाईंचा करार, दोन्हींचा निर्णय शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समिती घेणार. तीस वर्षं गायलेली बाई. तिने आपल्या आरशापुढचा कंगवा, शाल आणि कपबशी स्वतःच्या हाताने पिशवीत भरली. जिभेला हाड नसतं म्हणतात, तुझ्या लेखणीला तरी असायला हवं होतं.

आणि तू हे कशाच्या जोरावर लिहिलंस? तू तिसरा अंक पाहिलाच नाहीस.

मी कुठे बसते ते तू विसरलास वाटतं. गाणाऱ्यांना शब्द सुचवायला रंगमंचाच्या पुढच्या कडेला जो लहानसा खोका आहे, त्यात माझं अर्धं अंग जमिनीखाली असतं, तोंड गाणाऱ्यांकडे आणि पाठ तुम्हा लोकांकडे. वाद्यवृंदाचा संचालक दिसावा म्हणून पुढ्यात एक आरसा लावलेला आहे. त्यात त्याच्या खांद्यावरून तुझी खुर्ची दिसते. दुसऱ्या रांगेतली, कडेची. रविवारी प्रयोग दोनला सुरू झाला, दुसरा अंक चारला संपला, आणि तू कोट उचलून गेलास. तिसऱ्या अंकभर ती खुर्ची रिकामी होती. दर वेळी असते. पेपरचं पान संध्याकाळी साडेसहाला छपाईला लागतं, आधी जाऊन लिहायला बसावं लागतं, सगळं मला पाठ आहे.

तू आता म्हणशील, ताई, मग मला तिसरा अंक सांगितला कोणी?

मीच सांगितला. अकरा वर्षं मीच सांगतेय. पहिल्यांदा तुला ताप होता म्हणून, मग सवय म्हणून. पडदा पडला की कपडेपटाच्या मागच्या फोनवरून मी सांगायचं आणि तू लिहायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. खोक्यातलं माणूस कोणाला दिसत नाही रे. सोमवारी आईच्या तोंडून तुझ्या नावाखाली माझं एखादं वाक्य ऐकलं की दिवस बरा जायचा.

आता जे लिहायला तीन पानं टाळाटाळ केली, ते लिहिते.

बाई शब्द विसरल्या नाहीत. मी दिला नाही. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द त्यांच्या आधी अर्धी मात्रा मी म्हणायचा, ही आमची रीत. त्या वेगळं पाठच करत नाहीत, इतका विश्वास. तिसऱ्या अंकातल्या त्या लांब गाण्यात माझी नजर आरशातल्या तुझ्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि फोनवर तुला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. चांगलं वाक्य सुचत होतं. ओळ आली आणि गेली. बाईंनी खाली माझ्याकडे पाहिलं. मी पान शोधलं, शब्द दिला, त्यांनी तो उचलला आणि पुढे इतकं सुंदर गायलं की वाद्यवृंदातला एक जण वाजवायचं सोडून ऐकत राहिला. तेही मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंस, "तिसऱ्यात काय झालं?" आणि मी म्हणाले, "बाईंना शब्द आठवेनात." अडखळले सुद्धा नाही.

व्यवस्थापकांनी बाईंना सरळ विचारलं होतं, खोक्यातून शब्द आला होता का? त्या म्हणाल्या, "आला असेल, मला ऐकू आला नसेल." म्हणजे आता कानही गेले, असा शेरा कागदावर चढला. पिशवी घेऊन निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "तुझी तब्येत बरी आहे ना गं? रविवारी तुझा आवाज आला नाही, मला काळजी लागून राहिली." मी मूग गिळून बसले. सगळ्यात जास्त राग मला त्याचा येतोय, आणि तो मघापासून तुझ्यावर काढतेय.

आज सकाळी व्यवस्थापकांना लेखी दिलं की चूक माझी. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी, तुम्ही असं म्हणणारच. समीक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं काय करू?" तुझी खुर्ची रिकामी होती हे मी सांगितलेलं नाही. ते सांगणं तुझ्याकडे ठेवलंय.

माझी जागा जाईल. तुझीही जाईल कदाचित, आणि आईच्या वहीचं काय होईल ते माहीत नाही. तरीही. समिती शुक्रवारी सकाळी बसते, त्याआधी लोकांच्या हातात पेपर पडतो. शुक्रवारचं पान उद्या संध्याकाळी साडेसहाला लागतं. फोन करत नाही, कारण फोनवर मला खोटं बोलता येतं हे आता कळलंय. हे पत्र स्वतः येऊन तुझ्या ऑफिसच्या दारातल्या माणसाकडे देते.

पेपरात तुझ्या नावाखाली एकच वाक्य हवंय, आणि या वेळी ते मी सांगणार नाही, तुझं तू लिही. आठवलं नाही, असंही म्हणू नकोस. रविवारी चुकलेलं काम आज करते. पहिला शब्द देते.

'मी'.

पुढची ओळ तुझी.

वाट पाहणारी,
ताई