सशाचा कान भरते तं माहा काऊन नाई

४ जानेवारी, रविवार
सगळ्यात पयले टपकली ते शेजारची हर्षा, कडेवर लेकरू घेऊन. रजतले पोरगी पसंत पडली, हे त्याच्या आजीच्या आधी, म्हंजे माह्या आधी, तिले मालूम! मंग रोहणा गावाहून पोरीकडचे पाव्हणे आले. पोरीची आजी इंदिराबाई, लय बोलकी. साक्षगंधाची, म्हंजे साखरपुड्याची, तारीख पाहून येतो म्हणाल्या. ते गेल्यावर हर्षाच्या लेकरानं माहा झुमका असा ओढला की कानाची पाळी खालपर्यंत फाटली. झुमका वाचला, देवाची कृपा. सासूबाईचे झुमके, साक्षगंधात मीच घालणार. रजत म्हणे हिंगणघाटले चल, टाके घालू. टाक्याची निशाणी राह्यते. हळद दाबली.

६ जानेवारी
नात आकांक्षा वर्ध्याच्या कॉलेजात जनावरांचं शिकते. म्हणे सशाच्या कानाले भोक पाडलं तं पुरं भरून येते, निशाणीबी नाई. माणसाले मात्र वण राह्यते, दोघंबी पिल्लाले दूध पाजणारे असून. पुढचं मी ऐकलंच नाई. दूध तं मीबी चार लेकरांले पाजलं. ठरलं.

९ जानेवारी
सशाचं खाणं चालू. गाजर, मेथी, कोबी. चहा कायमचा बंद.
सायंकाळी हर्षानं चहा आणला. ससा चहा पित नाई, कारण त्याले कोणी देतच नाई.

१५ जानेवारी
आकांक्षा चिडली. म्हणे आजी, फाटलेले काठ आपापले बंद होतीन, जुळणार नाई. मी म्हटलं, लहान लेकराच्या बोटाचं टोक तुटलं तं परत येते, हे तूच सांगतलं ना? म्हणे, लहान लेकराच्या! मी म्हटलं, तुह्या मायले विचार, मी घरात कशी वागतो ते.

२५ जानेवारी
दुखणं गेलं. हात लावला तं गुळगुळीत. मधात फट हाय, ते शेवटी भरत असन. झुमके रिठ्यात धुतले.

५ फेब्रुवारी
झुमका घालून पाह्यला. पदरात पडला. कडीच ढिली असन. सोनाराले दाखवा म्हटलं. रजतनं सोनाराच्या नावानं थेट दवाखान्यात नेलं.
डॉक्टर म्हणे जखम मस्त भरली आजी, पण दोन्ही काठ वेगवेगळे भरले. आता काठ पुन्हा कापून टाके, निशाणी राह्यन, अन् झुमके काही महिने नाई. मी म्हटलं, म्हंजे भरली तं! संग आलेली आकांक्षा भिंतीकडे पाहून राह्यली.

८ फेब्रुवारी, रविवार
टाके घातले. आज कानाले पट्टी अन् नेमक्या इंदिराबाई दारात. सारं ऐकून पोट धरून हसल्या. मीबी हसलो, टाके तनले. मंग म्हणे, झुमके रिकामेच पडतीन तं आमच्या पोरीले घालू द्या बाई, तिचे कान अजून अख्खे हायेत. सगळ्यांसमोर नाई कसं म्हणाव? वरून मीच म्हटलं, तेच तं माह्या मनात होतं.
साक्षगंधाले येतो म्हणाल्या. २२ फेब्रुवारी, रविवार.