हँडचं गणगोत

४ जानेवारी

हिला झटका येऊन दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळतं सगळं, तोंडून काही येत नाही. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "एक इंग्रजी शब्द घ्या आणि त्याचं गणगोत गोळा करा. बावीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलंय, तिथूनच दार किलकिलं होईल." शब्द दिला – हँड.

एवढा मलाही येतो. गावच्या शाळेत इंग्रजी होतं, मास्तर आले त्या दिवशी.

५ जानेवारी

हिच्या डिक्शनरीत हँड दोन रकाने भरून! हात तर झालाच. घड्याळाचा काटा हँड, पत्त्यांचा डाव हँड, मदत हँड, कामगारही हँड. खाली पिलावळ – हँडल, हँडमेड, हँडसम. म्हटलं, "देखणेपणाचा हाताशी काय संबंध गं?" डावीकडून ओठ जरासा हलला. हसली असावी.

९ जानेवारी

दुकानात उरलेल्या प्लायच्या पट्ट्या कापल्या, कडा घासल्या. एका पट्टीवर एक शब्द, मागे अर्थ. रंधा सरळ चालतो माझा, अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

१७ जानेवारी

आज बोलली. "हात" म्हणाली. मी म्हटलं, "हात नाही, हँड. पुन्हा." "बँ..." "बँड नव्हे, हँड. नीट बघ." असं वीसदा तरी. शेवटी तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिले सहा महिने मोलाचे, असं मॅडम सांगतात. मग सोडून कसं चालेल?

२८ जानेवारी

पट्टी धरली की ओठ घट्ट. अकरा दिवस एक अक्षर नाही. आज आवाज चढला माझा. "पोरांना शिकवायचीस ना? मग एवढं येत नाही?" बोलून बसलो. नंतर देवापुढे दिवा लावला, पण मान वर होईना.

३० जानेवारी

काही नाही.

६ फेब्रुवारी

दुपारी हिच्या सोबतीला मावशी असतात. आज निघताना चपलांपाशी घुटमळल्या.

"दादा, रागावणार नसाल तर सांगते. ताई बोलतात."

"कुणाशी?"

"माझ्याशी. आठवडा झाला. पाणी म्हणतात, पंखा म्हणतात. काल मला 'काका' म्हणाल्या. म्हटलं, मिशी फुटली की काय मला? हसून हसून पुरेवाट दोघींची."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच नको अशी खूण केली. तुमची पावलं जिन्यात वाजली की गप्प होतात."

लग्नानंतर हिने मला इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. आठ दिवसांत मी पुस्तक मिटलं. सुताराला कशाला हवंय, म्हणालो. खरं तर हिच्यापुढे चुकायला लाज वाटायची. ती एकदाही रागावली नव्हती, तरी.

७ फेब्रुवारी

पट्ट्या मावशींच्या हवाली केल्या. दुपारी चपला हातात घेऊन जिना चढलो, दाराबाहेर उभा राहिलो. आत ही बोलत होती. अडखळत, पण बोलत होती. बेल न वाजवता दुकानात परत गेलो.

तिला बोलती कर, एवढंच रोज मागत होतो. देवाने ऐकलं. माझ्याशी, हे मागायचं राहिलं.