रांग मी लावली

सोमवार, ४ मार्च

लिही. बोलते तसंच लिही, वर साखर पेरू नकोस. वही माझी, हात नातीचा, डोकं माझंच. आणि मी वहीला सांगतेय, हिला नाही! तोंड वाकडं केलंन बघ.

ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शरीर, साथीचे रोग आणि समाज — तिन्ही एकाच पातेल्यात शिजवतात म्हणे. गल्लीत सहा घरी जुलाब लागलेत. शिंप्याची अडीच महिन्यांची नात इस्पितळात, इवल्याशा हाताला सलाइन. हिला कॉलेजाने फॉर्म दिला — घरोघर विचारा, शेवटी कारण लिहा. तो फॉर्म जाणार पाणीखात्याकडे.

आणि हिने कारण काय लिहिलं? ‘अस्वच्छ सवयी, अज्ञान.’

म्हटलं, हे तुझं? “मॅडम म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी हेच असतं.”

मग जायचं कशाला घरोघर? मॅडमच्याच घरी जाऊन चहा प्यायचा!

वर माझ्या नावापुढे — ‘निरक्षर. माहिती खात्रीची नाही.’ अगं, तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या या हातांनी. तुझा बाप त्या पगारावर शिकला. खात्रीची नाही म्हणे!

मंगळवार, ५ मार्च

राग उतरला नाही. का उतरावा?

हिला म्हटलं, ऐक शहाणे. एका वॉर्डातून एकाच दिवशी वीस चादरी घाण आल्या, की आम्ही धोबिणी पेशंटला नावं ठेवत नव्हतो. आधी विचारायचो, काल यांना जेवण कुठून आलं? हात धुता का, हात धुता का — विचारतेस काय! धुतात! पण कुठल्या पाण्याने, ते विचार की.

फॉर्म पुन्हा पुढ्यात ओढलान. मग विचारते, “आजी, गल्लीच्या नळावर रांग कोण लावतं?”

मी! अठरा वर्षं झाली. पूर्वी नळावर झिंज्या उपटायच्या बायका. मी नियम घातला — ज्याच्या अंगात बळ कमी, तो पुढे. पहिली बादली बाळंतिणीची, मग आजाऱ्यांची, मग म्हाताऱ्यांची. धडधाकट मागे. आजवर कुणाची वर मान करायची टाप नाही.

हेही लिही म्हटलं तुझ्या फॉर्मात. अज्ञान लिहितेस, तर हेही लिही.

बुधवार, ६ मार्च

पाणी सुटायच्या आधीच ही बाटल्या घेऊन नळापाशी. प्रत्येक बादलीतलं थोडं थोडं भरलं, वर आकडे चिकटवले. बायका हसल्या — “काय गं, अत्तराचं दुकान काढतेस?” कॉलेजात तपासणार म्हणे. मी म्हटलं, आता कशी माझ्या वाटेवर आलीस!

शुक्रवार, ८ मार्च

पहिल्या सहा बाटल्या घाण. सातवीपासून बरं.

गटाराला लागून पाइप फुटलाय. पाणी बंद असतं तेव्हा गटाराची घाण आत शिरते, आणि नळ सुटला की सगळ्यात आधी तीच येते. पाणीखात्याच्या माणसाला मी दोनदा सांगितलं होतं तिथे ओल आहे म्हणून. “बघतो, मावशी.” बघितलंन! त्याच्या डोळ्यांत मिरची—

राहू दे. हे खोडू नकोस.

हिने माझ्याकडे बघितलं. पहिल्या सहा बादल्या कुणाच्या, ते दोघींना ठाऊक. बोलली असती तर भांडले तरी असते.

शनिवार, ९ मार्च

आज काही लिहू नकोस.

रविवार, १० मार्च

बाळ घरी आलं. शिंप्याची सून पाया पडायला आली — “आजी, तुम्ही पाण्याचं ओळखलंत.” मी पाय मागे घेतले.

हिने नवा फॉर्म भरला, मला वाचून दाखवला. कारण — फुटका पाइप, पाणीखात्याच्या माणसाला दोनदा सांगूनही तसाच. आजारी घरं — रांगेतली पहिली सहा. मग एकदम पान उलटायला लागली. म्हटलं थांब, मध्ये काय गिळलंस?

“रांग कोणी ठरवली, असं आहे. ते रिकामं ठेवलंय. त्याची गरज नाही, आजी.”

गरज नाही? पाणीखात्याच्या माणसाचं नाव घालतेस आणि माझं गाळतेस? भर ते. लिही — मी. आणि शाई आण इकडे, अंगठा उठवते.