आईनं मसूर मागून घेतला

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? आई खात नाही, एवढंच! पण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून कामावर जायच्या आधी बसलेय. अण्णा, आई जेवली! पोटभर, आणि चक्क मागून!

वडूजचं घर झाडून काढून आम्ही दोघी माझ्याकडे कुपवाडला परतत होतो. गाडी मीच चालवत होते. हो, तुमची लेक शिकली! तुम्ही असतात तर शेजारी जीव मुठीत धरून बसला असतात.

विट्याच्या पुढे रस्त्यालगत एक भलंमोठं हॉटेल झालंय. एकदा ताट घेतलं की पोट भरेपर्यंत वाढतात. गरम भाकरी, खरडा, अख्खा मसूर, बादल्या घेऊन वाढपी सारखे फिरत असतात. आई गाडीतून उतरेना. "कशाला उगं हाटेल? भाकरी हाय की पिशवीत." मी ऐकलं नाही.

वाढप्यानं विचारलं, "मावशी, मसूर?" आईनं ताटावर हात आडवा धरला. "नगं." तो पुढच्या टेबलाकडे निघाला, आणि मला सांगलीतलं ते जेवण आठवलं.

आठवतंय ना? माझ्या लग्नाचा बस्ता घ्यायला आपण तिघं सांगलीला आलो होतो. सकाळपासून तुमचं एकच चाललेलं, "आज हाटेलात जेवायचं, लय भारी!" आणि वाढपी आल्यावर काय केलंत? पाहुण्यांत बसल्यासारखं "नगं, नगं"! आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला हात बाजूला घ्यायचा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो पहिल्याच नकाराला निघून गेला. मी म्हटलं, हाक मारूया. तुम्ही डोळे वटारलेत. "मागून खायचं व्हय? लोक काय म्हणतील?" तिघंही अर्धपोटी उठलो आणि वडूजला येऊन आईनं पिठलं टाकलं. त्या जेवणाचा मला अजून राग येतो हो!

पण काल राग आला तो माझाच. आठ महिने मी काय केलं? स्वतःचा डबा भरता भरता एकदा विचारायचं, "आई, अजून भाकरी?" ती म्हणायची, "नगं." की मी दुरडी झाकून कामाला! दुःखानं तिला अन्न जात नाही, असं सगळ्यांना सांगत सुटले, डॉक्टरांनासुद्धा. तिला तीनदा विचारणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे तुम्ही. जाण्याआधी एवढं मला सांगून ठेवायला काय झालं होतं?

वाढप्याला मी परत बोलावलं. "आई, घे की थोडा." "नगं गं." मग तिसऱ्यांदा मी तुमच्याच आवाजात दटावलं, "आगं घे, मी सांगतोय न्हवं!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले तिचे, आणि हात बाजूला झाला.

एक भाकरी संपली. दुसरी निम्मी झाली. वाढपी न विचारताच पलीकडे वळला, तोच सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा आवाज आला, "आवं दादा! मसूर घेऊन कुटं निगालायसा? हिकडं या की!"

तुमची बायको, अण्णा! मी टेबलावर हात आपटून हसले. सगळी माणसं वळून बघायला लागली. आणि लोक काय म्हणाले, सांगू? शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "दादा, तसंच आमच्याकडं बी या."

पिशवीतली भाकरी तशीच घरी आली. आज सकाळी आईनं ती कुस्करून फोडणीला टाकली आणि माझ्या आधी खाऊन बसली!

आता माझ्या घरात तिला एकदाच विचारलं जाणार नाही, हा माझा शब्द. वर्षश्राद्धाला तुमचं पानही मीच वाढणार आणि तुम्हालाही तीनदा विचारणार. तरी कमी पडलं, तर लाजू नका अण्णा, हाक मारा. लोक काही म्हणत नाहीत.

तुमची,
सुमी